मेंदूतील चार गाठी: संपूर्ण मेंदूला शेक की नेमक्या जागी किरणोपचार?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तो नीट समजलो आहे की नाही हे तुम्हाला पाहता येईल. तुमच्या आईंचे वय ५७ आहे आणि त्यांनी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. दीड वर्षापूर्वी त्यांना फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा असल्याचे निदान झाले, तपासणीत ईजीएफआर जनुकातील एक्सॉन १९ चा, कर्करोगाच्या वाढीला चालना देणारा बदल सापडला आणि तेव्हापासून त्यावर नेमके काम करणारी गेफिटिनिबची रोजची गोळी चालू आहे. छातीतील गाठ आटोक्यात आहे. मात्र गेल्या पंधरा दिवसांपासून सकाळी उठल्यावर डोके दुखते आणि भाकरी थापताना उजवा हात नीट वळत नाही, म्हणून एमआरआय केला, तर मेंदूत चार गाठी दिसल्या. सर्वांत मोठी डाव्या बाजूला, २२ मिलिमीटरची, भोवती सूज असलेली. बाकीच्या तीन ४ ते ९ मिलिमीटरच्या. स्थानिक रुग्णालयाने सोमवारपासून संपूर्ण मेंदूला दहा दिवस शेक, म्हणजे किरणोपचार, देण्याचे ठरवले आहे, तर मुंबईच्या नातेवाइकांनी ‘गामा नाईफ’ सुचवले आहे. यातले योग्य कोणते, थांबल्यास नुकसान होईल का, आईची स्मरणशक्ती जाईल का आणि हाताशी किती काळ आहे, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या ओळीत तुम्ही असेही लिहिले आहे की आईला अद्याप काही सांगितलेले नाही. त्याकडेही मी येणार आहे.

मी गेली वीसहून अधिक वर्षे किरणोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही आणि त्यांचे एमआरआयही पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे म्हणून लिहितो आहे, त्यांच्या जागी नव्हे.

प्रश्न यंत्राचा आहे असे तुम्हाला वाटते आहे. माझ्या मते तो यंत्राचा नाही. संपूर्ण मेंदूचा किरणोपचार एमआरआयमध्ये दिसणाऱ्या गाठींवर काम करतो आणि न दिसणाऱ्या सूक्ष्म बीजांवरही करतो, पण त्यासाठी तो निरोगी मेंदूलाही तेवढाच डोस देतो. नेमका किरणोपचार, ज्याला आम्ही स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी किंवा नुसते एसआरएस म्हणतो, तो केवळ दिसणाऱ्या गाठींवर काम करतो आणि उरलेल्या मेंदूला जवळजवळ हात लावत नाही. याचा अर्थ असा की एसआरएस निवडणारे कुटुंब त्याच क्षणी आणखी एक गोष्ट निवडत असते: दर दोन ते तीन महिन्यांनी एमआरआय, आणि नवीन गाठ उगवली तर पुन्हा उपचार. तुम्हाला खरे ठरवायचे आहे ते हे, की ही राखण तुम्ही करू शकाल का. करू शकत असाल, तर तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत स्पष्टपणे एसआरएसच्या बाजूने आहे. ते का, हे आता सांगतो.

एसआरएसमध्ये ‘सर्जरी’ हा शब्द असला तरी सुरी कोठेही लागत नाही. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये हा शब्द वापरात आणला आणि पुढे त्यांच्याच प्रयत्नांतून गामा नाईफ हे यंत्र उभे राहिले. कल्पना साधी आहे. आषाढीला दिंड्या निरनिराळ्या गावांहून निघतात, कोणत्याही एका वाटेवरच्या गावाला त्यांचा फारसा भार होत नाही, पण सगळ्या वाटा जेथे मिळतात तेथे माणूस मावत नाही. तसेच येथे अनेक दिशांनी बारीक किरण सोडले जातात. प्रत्येक किरण वाटेतल्या मेंदूला अगदी थोडा डोस देतो आणि गाठीच्या जागी त्या सर्वांची बेरीज होते. गामा नाईफच्या अलीकडच्या यंत्रांत यासाठी कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. लिनॅक किंवा सायबरनाईफ या यंत्रांत किरणांचा उगम एकच असतो आणि तो रुग्णाभोवती फिरत राहतो. २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एका बैठकीत साधारण २० ते २४ ग्रे (किरणांचा डोस मोजण्याचे एकक) इतका डोस देता येतो. संपूर्ण मेंदूच्या उपचारात सहसा ३० ग्रे दहा बैठकांत विभागून दिले जातात. आकडे जवळचे वाटतात, परंतु एका दमात दिलेले २० ग्रे पेशींवर करतात तो आघात ३ ग्रेच्या दहा हप्त्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे लहान गाठींपैकी दहातल्या आठ-नऊ गाठी वर्षभरानंतरही आटोक्यात राहिलेल्या आम्हाला दिसतात.

तुमच्या आईंची मोठी गाठ २२ मिलिमीटरची आहे, म्हणजे ती सीमारेषेच्या किंचित पलीकडे जाते. गाठ मोठी होत जाते तसा एका बैठकीत सुरक्षितपणे देता येणारा डोस कमी होतो: २ ते ३ सेंटिमीटरसाठी परंपरेने १८ ग्रे, त्याहून मोठीसाठी १५. म्हणून काही केंद्रे अशा गाठीला एकाऐवजी तीन बैठकांत २७ ग्रे किंवा पाच बैठकांत ३० ग्रे देतात. ती हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाजवळ आहे, असे उजव्या हाताच्या लक्षणावरून वाटते. तसे असेल तर बैठका विभागण्याकडे माझाही कल राहील. डॉक्टरांनी एकऐवजी तीन दिवस बोलावले तर त्यात उणेपणा मानू नका.

आता स्मरणशक्तीचा प्रश्न. येथे पुरावा पुरेसा स्वच्छ आहे. जपानमधील १३२ रुग्णांच्या अभ्यासात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, एक ते चार गाठी असलेल्या रुग्णांना नुसते एसआरएस किंवा एसआरएससोबत संपूर्ण मेंदूचा किरणोपचार असे दोन पर्याय देण्यात आले. दोन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो मेंदूत पुन्हा रोग दिसण्यात: वर्षभरात नुसत्या एसआरएसच्या गटात सुमारे ७६ टक्के, तर दोन्ही उपचार घेतलेल्यांत सुमारे ४७ टक्के. पुढे अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने २००९ मध्ये ५८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार महिन्यांनी शब्द शिकण्याची आणि आठवण्याची क्षमता लक्षणीय घटण्याची शक्यता दोन्ही उपचारांच्या गटात ५२ टक्के, तर नुसत्या एसआरएसच्या गटात २४ टक्के होती, आणि हा फरक दिसल्याने नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवावे लागले. २०१६ मध्ये २१३ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासानेही तीन महिन्यांनी हेच चित्र दाखवले.

या आकड्यांमागचा माणूस मी अनेकदा पाहिला आहे. पूर्वी, एसआरएस एवढे हाताशी नव्हते तेव्हा, एका शिंप्याला मी संपूर्ण मेंदूचा किरणोपचार दिला होता. गाठी विरल्या, डोकेदुखी गेली, घरचे समाधानी होते. पाच महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, “माप घेतात आणि वहीत लिहीपर्यंत विसरतात.” त्याने खिशातून टेप काढून माझ्यासमोर टेबलाची कड मोजली, आकडा मोठ्याने म्हटला आणि लगेच पुन्हा मोजली. त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता आणि उपचार चुकला असे मी आजही म्हणणार नाही. पण पर्याय असताना हा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये असे मला मनापासून वाटते, विशेषतः ज्यांच्यापुढे काही वर्षे असण्याची शक्यता आहे त्यांच्या बाबतीत.

गाठी चार आहेत म्हणून एसआरएस होणार नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते मत आता मागे पडले आहे. २०१४ मध्ये जपानच्याच ११९४ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यात बहुसंख्य फुफ्फुसाच्या कर्करोगाचे होते, पाच ते दहा गाठी असलेल्या रुग्णांचे आयुर्मान दोन ते चार गाठी असलेल्यांपेक्षा कमी भरले नाही. अर्थात त्यात सर्व गाठींचे मिळून आकारमान १५ मिलिलीटरपेक्षा अधिक नसावे अशी अट होती. आज आम्ही संख्येइतकेच एकूण आकारमान पाहतो आणि नवीन गाठी किती वेगाने येत आहेत हेही पाहतो. तुमच्या आईंच्या चारही गाठी मिळून त्या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतात.

मात्र संपूर्ण मेंदूचा किरणोपचार वाईट आणि एसआरएस चांगला, असा निष्कर्ष यातून काढू नका. तीळ पसरावेत तशा असंख्य बारीक गाठी असतील, मेंदूच्या आवरणावर रोग पसरला असेल, कर्करोग लघुपेशी प्रकारचा असेल किंवा प्रत्येक एमआरआयमध्ये चार-पाच नवीन गाठी उगवत असतील, तर मी स्वतः संपूर्ण मेंदूच्या उपचाराकडे वळतो. तोही आता पूर्वीसारखा सरसकट द्यावा लागत नाही. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग वाचवून आणि सोबत मेमँटिन ही गोळी देऊन त्याचा त्रास बराच कमी करता येतो. दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेल्या अतिशय अशक्त रुग्णांचा विचारही प्रामाणिकपणे करायला हवा. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ५३८ रुग्णांच्या क्वार्ट्झ अभ्यासात, शस्त्रक्रिया वा एसआरएस शक्य नसलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना संपूर्ण मेंदूचा शेक दिल्याने नुसत्या डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारे स्टिरॉइड) व शुश्रूषेपेक्षा आयुष्यात किंवा त्याच्या प्रतीत म्हणण्यासारखी भर पडली नाही. तुमच्या आई हिंडत्याफिरत्या आहेत, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना लागू नाही. तो येथे लिहिला आहे तो हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरासाठी.

शस्त्रक्रियेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण एक ओळ लिहितो. गाठ ३-४ सेंटिमीटरच्या पुढे असेल, मेंदू एका बाजूला ढकलला गेला असेल किंवा मेंदूतल्या पाण्याची वाट अडली असेल, तर आधी न्यूरोसर्जनचे काम असते. २२ मिलिमीटरच्या गाठीला सहसा तशी गरज पडत नाही.

या सर्वांत तुमच्या प्रश्नात न आलेली आणि माझ्या दृष्टीने तितकीच मोठी बाब आहे ती गोळीची. गेफिटिनिब रक्तातून मेंदूत फार कमी पोहोचते, त्यामुळे छाती स्वच्छ आणि मेंदूत गाठी असे चित्र आम्हाला वारंवार दिसते. ओसिमर्टिनिब ही पुढच्या पिढीची गोळी मेंदूत चांगली पोहोचते. ती तुमच्या आईंना लागू पडेल का हे पाहण्यासाठी ईजीएफआर जनुकातच पुढे होणाऱ्या टी७९०एम या बदलाची तपासणी रक्तातून किंवा गाठीच्या तुकड्यातून करतात. मात्र रोग फक्त मेंदूत वाढलेला असेल तर रक्तातील तपासणी नकारार्थी येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्या एका अहवालावर दार बंद करू नये. छाती खरोखरच स्थिर असेल तर मेंदूतील गाठींना एसआरएस देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. कोणती गोळी हा निर्णय तुमच्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टचा, म्हणजे कर्करोगाची औषधे देणाऱ्या डॉक्टरांचा, पण ते आणि किरणोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलले आहेत एवढी खात्री तुम्ही करून घ्या. एकाने गोळी बदलली आणि दुसऱ्याला ते महिन्याने कळले, असे होते आणि त्यात वेळ जातो. किरणोपचाराच्या दिवशी गोळी घ्यायची की थांबवायची हेही आधी विचारून ठेवा, कारण यात केंद्रागणिक पद्धत वेगळी असते.

थांबल्याने नुकसान होईल का? सूज डेक्सामेथासोनने उतरत असेल आणि हात सुधारत असेल, तर दुसरे मत घेण्यासाठी आठवडाभर घालवणे सहसा सुरक्षित असते. महिना घालवू नका. झोपाळूपणा वाढणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हाताची अशक्तता पायाकडे सरकणे किंवा फिट येणे यांपैकी काहीही झाले, तर दुसऱ्या मताची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. डेक्सामेथासोनविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण घरी त्याचाच त्रास अधिक होतो. दिवसाचा दुसरा डोस दुपारी दोनच्या आत द्यावा, नाही तर रात्रभर झोप येत नाही. जेवणानंतरच द्यावा, रक्तातील साखर पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा तपासावी, तोंडात पांढरे चट्टे येत आहेत का ते पाहावे. काही आठवड्यांनी आई जमिनीवरून किंवा बुटक्या पाटावरून उठताना हाताचा आधार शोधू लागल्या, तर रोग वाढला असे लगेच समजू नका. मांड्यांचे स्नायू या औषधाने अशक्त होतात. ते औषध स्वतःहून एकदम बंद मात्र कधीही करू नये. डॉक्टर पायरीपायरीने उतरवतील.

आता यंत्राबद्दल, कारण नातेवाइकांचा आग्रह त्यावरच आहे. गामा नाईफ, सायबरनाईफ आणि चांगले लिनॅक या तिन्हींवर हे काम उत्तम होऊ शकते. यंत्राच्या नावापेक्षा मी तीन गोष्टी विचारीन. उपचारासाठीचा एमआरआय एक मिलिमीटरच्या पातळ कापांचा आणि एक-दोन आठवड्यांच्या आतला आहे का, कारण जुन्या चित्रावर आखलेला उपचार वाढलेल्या गाठीची कड सोडून देतो. त्या विभागात हे उपचार नियमित होतात का. आणि उपचारानंतर एमआरआय वाचायला तेथे न्यूरोरेडिओलॉजीची जाण असलेली व्यक्ती आहे का. खर्चाबाबत एवढेच सांगतो की राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. तुमच्या आईंच्या उपचाराला कोणते पॅकेज लागू होते आणि ते कोणत्या रुग्णालयात मिळते, हे शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना आगाऊ विचारा. आधी पैसे भरून मागाहून चौकशी करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

प्रत्यक्ष दिवस कसा असतो ते सांगतो. चौकट बसवण्याच्या पद्धतीत कपाळावर आणि मागे चार जागी भुलीचे इंजेक्शन देऊन धातूची हलकी चौकट घट्ट बसवतात. टोचताना दुखते, नंतर जडपणा जाणवतो. मुखवट्याच्या पद्धतीत प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात. ती आधी ओल्या गरम टॉवेलसारखी लागते आणि काही मिनिटांत थंड होऊन चेहऱ्याच्या आकारात कडक होते. उठल्यावर गालांवर तिची नक्षी तासभर दिसते. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना एमआरआयआधी काढाव्याच लागतात, आणि जोडवी निघत नसतील तर घरूनच साबण लावून काढून या, कारण ऐन वेळी त्यावरून रुग्णाच्या मनाला फार लागते. उपचारात काहीही जाणवत नाही. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. सगळे केस गळत नाहीत. गाठ कवटीलगत असेल तर तेथे केस गेलेला एखादा छोटा चट्टा पडतो आणि भरतो. दोन दिवस थकवा व डोकेदुखी असू शकते. अंगात किरण उरत नाहीत, नातवंडांना मांडीवर घ्यायला हरकत नाही.

सहा महिन्यांनंतर किंवा दीड-दोन वर्षांनीही एखाद्या एमआरआयमध्ये उपचार झालेली गाठच मोठी दिसू शकते. ती दर वेळी कर्करोगाची वाढ नसते. किरणांनी मेलेल्या ऊतीमुळे सूज येते, तिला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात, आणि अशा वेळी परफ्युजन एमआरआय किंवा पेट स्कॅनने फरक करण्याचा प्रयत्न करतात. बहुतेकदा स्टिरॉइडने भागते, काहींना बेव्हॅसिझुमॅब हे औषध लागते, क्वचित शस्त्रक्रिया. असा अहवाल हातात आला तर उपचार फसला असे ठरवून गोळी बंद करण्याची घाई होऊ देऊ नका.

किती काळ, या प्रश्नाला मी टाळणार नाही. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत गेलेल्या रुग्णांसाठी वय, हिंडण्याफिरण्याची क्षमता, मेंदूबाहेरचा प्रसार, गाठींची संख्या आणि ईजीएफआर वा एएलके जनुकातील बदल या पाच गोष्टींवर आधारित एक गुणांकन २०१७ पासून वापरात आहे. ज्यांच्या सर्व बाजू अनुकूल होत्या त्या गटातील निम्मे रुग्ण जवळपास चार वर्षांपर्यंत जगले. तुमच्या आईंचे वय ७० पेक्षा कमी आहे, त्या चालत्या-बोलत्या आहेत, गाठी चारच आहेत आणि ईजीएफआर बदल आहे. शरीरात अन्यत्र प्रसार आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. शिवाय त्यांची एक गोळी दीड वर्ष वापरून झाली आहे, आणि त्या अभ्यासातील अनेकांचे तसे नव्हते. म्हणून चार वर्षे हा आकडा त्यांच्या नावावर लिहू नका. पण काही आठवड्यांचा प्रश्न आहे असे गृहीत धरून निर्णयही घेऊ नका.

राहिली शेवटची ओळ. ज्या उपचारात माणसाला मुखवटा घालून, डोके टेबलाला जखडून, खोलीत एकट्याने अर्धा-पाऊण तास पडून राहायचे असते, तो उपचार कारण न सांगता करता येत नाही. न सांगितलेल्या रुग्णांना टेबलावर घाबरून हात उचलताना मी पाहिले आहे, आणि सांगितलेल्या आजीबाईंना आतल्या आत हरिपाठ म्हणत निश्चल पडलेले पाहिले आहे. हात वळत नाही हे तुमच्या आईंना तुमच्या आधी कळले होते. त्यांना बहुधा अंदाज आहे. सोमवारी एमआरआयची सीडी, जनुकीय तपासणीचा अहवाल आणि चालू औषधांची यादी बरोबर घ्याच, पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर आईंना बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. दर तीन महिन्यांनी एमआरआयला यायचे आहे ते त्यांना. ते जमेल का, हे त्यांनाच विचारले पाहिजे.